गावाच्या जनावरांचं लसीकरण कसं आखायचं: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ग्रामपंचायती, दूध संस्था, गोशाळा, पशुसखी आणि मोठे गोठे सांभाळणारे शेतकरी नेहमी विचारतात. उत्तरं जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांचं हवामान, बाजार आणि शेतीची कामं धरून दिली आहेत. मात्रा आणि टोचण्याची पद्धत कंपनीनुसार बदलते, म्हणून बाटलीवरचं लेबल अखेरचं मानावं. लस पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच द्यावी.

आखणीची सुरुवात कुठून करायची? लस किती मिळते त्यावरून?

नाही. सुरुवात मोजणीपासून करायची. पशुगणनेचा आकडा जुना असतो आणि त्यात नेमकी जन्मलेली वासरं नसतात. त्यामुळे लसीकरणाआधी आठ-दहा दिवस गल्लीनिहाय यादी करा: मालक, गाय, म्हैस, बैल, चार महिन्यांखालचं वासरू, गाभण जनावर, शेळी-मेंढी, कानात नोंदणीचा बिल्ला आहे की नाही. शेतातल्या गोठ्यावर बांधलेली, सालदाराकडे असलेली आणि जंगलात सोडलेली जनावरं वेगळी लिहा. लसीकरणातून सुटतात ती नेमकी हीच.

मग हिशेब मांडा. समजा गावात गाय-म्हैसवर्गीय १,२०० जनावरं आहेत. त्यातली चार महिन्यांखालची १०० वगळली तर लाळ्या खुरकूतसाठी १,१०० उरतात. सांडलवंड, अर्धवट राहिलेल्या बाटल्या आणि फुटतूट यांसाठी १० टक्के धरले की १,२१० मात्रा होतात. बाटली ५० मात्रांची असेल तर २५ बाटल्या. बर्फाच्या लाद्या, सुया आणि कामाचे दिवसही याच यादीवरून निघतात.

किती टक्के जनावरांना लस दिली म्हणजे गाव सुरक्षित?

एक बाधित जनावर सरासरी ५ जनावरांना रोग देत असेल तर साथ थांबायला त्या ५ पैकी ४ जणांत प्रतिकारशक्ती हवी, म्हणजे ८० टक्के. इथेच घोटाळा होतो. ८० टक्के जनावरांना टोचलं म्हणजे ८० टक्के सुरक्षित झाली असं होत नाही. टोचलेल्या १०० पैकी ८५ जनावरांतच पुरेशी शक्ती तयार झाली, तर ८० टक्के टोचणीतून हाती ६८ टक्केच लागतात. ९५ टक्के टोचली तर ८१ टक्के. म्हणून उद्दिष्ट नेहमी ‘सगळी’ असंच ठेवायचं. लाळ्या खुरकूतसारखा हवेतून, चाऱ्यातून, माणसाच्या चपलेतूनही पसरणारा रोग पाचाच्या वर जनावरांना सहज गाठतो.

दुसरी तितकीच महत्त्वाची बाब म्हणजे वेग. तीच १,१०० जनावरं चार-पाच दिवसांत टोचणं आणि तीन महिने रखडत टोचणं यांत फार फरक आहे. रखडलं की शेवटच्या गल्लीला लस मिळेपर्यंत पहिल्या गल्लीची शक्ती उतरू लागते, मधल्या काळात बाजारातून नवी जनावरं येतात आणि रोगाला गावात कायम कुठे ना कुठे जागा मिळते. कागदावर आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो. आमच्या मते लसीकरण फसण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. लस निकृष्ट असणं हे कारण त्यामानाने क्वचित असतं.

वर्षाचं वेळापत्रक कसं लावावं?

आपल्याकडे पंचांग आणि शेती बघूनच लावावं लागतं. घटसर्प आणि फऱ्या हे पावसाच्या तोंडावरचे रोग. शक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून ही लस आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) लगेच सुरू करून मृगाच्या दोन आठवडे आधी संपवायची. मृग निघाल्यावर लस मागायला आलेला शेतकरी उशिरा आलेला असतो. शिवाय तेव्हा बैल पेरणीला जुंपलेला असतो आणि मानेवर सूज नको म्हणून मालकच टाळाटाळ करतो.

घटसर्पाच्या लसीचे दोन प्रकार मिळतात. तुरटीयुक्त लस साधारण ५ मि.ली. कातडीखाली देतात, तिची शक्ती चार ते सहा महिने टिकते. तैलयुक्त लस २ ते ३ मि.ली. खोल स्नायूत देतात, ती नऊ महिने ते वर्षभर टिकते. कुठली आली आहे ते बघूनच पुढची तारीख लिहा. फऱ्या मुख्यतः सहा महिने ते दोन वर्षांच्या धष्टपुष्ट कालवडी-गोऱ्ह्यांना होतो, त्यामुळे लस कमी पडली तर त्यांना आधी द्या.

लाळ्या खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी. एक फेरी मार्च-एप्रिलमध्ये आणि दुसरी पोळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयीची पडते. दुसऱ्या फेरीला आपल्याकडे एक पक्की मुदत आहे: ऊसतोड मजूर बैलगाड्या घेऊन निघायच्या किमान तीन आठवडे आधी ती संपली पाहिजे. हे बैल पश्चिम महाराष्ट्रात आणि गुजरातेत दहा गावांच्या बैलांसोबत पाणी पितात आणि उन्हाळ्यात परत येताना जे घेऊन येतील ते सगळ्या गावाचं. साक्री, धुळे भागातल्या ठेलारी मेंढपाळांच्या कळपांनाही हेच लागू आहे. कळप पावसाळ्यात आवाक्यात असतात, तेव्हाच गाठा. बाहेर पडल्यावर ते सापडत नाहीत.

शेळ्या-मेंढ्यांची आंत्रविषाराची लस मे महिन्यात, नवं कोवळं गवत येण्याआधी. पहिल्यांदाच देत असाल तर १४ दिवसांनी दुसरी मात्रा द्यायलाच हवी, एकट्या पहिल्या मात्रेवर विसंबू नका.

सातपुड्यातल्या अक्राणी, अक्कलकुवा भागातल्या पाड्यांचा वेगळा विचार करा. पावसाळ्यात तिकडे बर्फाची पेटी वेळेत पोचत नाही. त्यामुळे मेअखेर जे होईल तेच खरं. तिथे लस देणाऱ्यांनी पाड्याच्या कारभाऱ्याला आधी निरोप धाडावा आणि गुरं चरायला सुटायच्या आत, पहाटेच पोचावं.

दोन लसी एकाच दिवशी दिल्या तर चालतात?

कंपनीने एकत्र बनवलेली लस असेल तर चालते. लाळ्या खुरकूत, घटसर्प आणि फऱ्या यांची त्रिसंयुक्त लस मिळते. पण दोन वेगळ्या बाटल्यांतली लस एका सिरिंजमध्ये कधीही मिसळू नका. वेगवेगळ्या लसींत दोन ते तीन आठवडे अंतर ठेवा.

मे महिन्याच्या उन्हात लस टिकवायची कशी?

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि बंद जीपमध्ये त्याहूनही वर. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच हवी. बहुतेकांना फक्त उष्णतेची भीती वाटते, पण लाळ्या खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या मृत लसी गोठल्या तरी तितक्याच वाया जातात. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याखाली किंवा थेट कडक बर्फाला टेकवून ठेवलेली बाटली बाहेरून चांगली दिसते, पण आतली बांधणी फुटलेली असते. तैलयुक्त लसीत तेल आणि पाणी वेगळं झालेलं दिसलं आणि हलवूनही एकजीव झालं नाही, तर ती बाटली बाजूला काढा.

बर्फाच्या लाद्या फ्रीजरमधून काढून लगेच पेटीत भरू नका. लादी हलवल्यावर आत पाणी खुळखुळू लागेपर्यंत बाहेर ठेवा, मगच भरा. लस आणि लादी यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा कापड घाला. पेटीत तापमापक ठेवा आणि निघताना, मध्यावर, परतताना वहीत आकडा लिहा. दिवसभराचा सगळा साठा एका पेटीत ठेवून ती दर पाच मिनिटांनी उघडू नका. एक पेटी साठ्याची, ती सावलीत बंद. दुसरी हातातली, तासाभराच्या लसीपुरती. काम सकाळी ६ ते साडेदहा. नंतर जनावरंही तापतात आणि माणसंही.

पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), देवी, लम्पी यांच्या जिवंत लसी भुकटीच्या रूपात येतात. त्यांच्या बाबतीत घात होतो तो द्रावणापायी. भुकटी थंड ठेवलेली असते, पण तिच्यासोबतचं द्रावण जीपच्या डिकीत तापत राहतं. ४० अंशांच्या द्रावणात विषाणू घातला की लस तिथेच मेली. द्रावण आदल्या रात्रीच थंड करायला ठेवा. मिसळल्यावर बाटली बर्फावर, उन्हाआड ठेवा आणि दोन तासांत संपवा. दुपारी उरलेली उद्यासाठी नाही.

सुई-सिरिंज स्पिरिट, डेटॉलने धुऊन जिवंत लस भरणं हीसुद्धा नेहमीची चूक. त्या अंशाने लसच मरते. उकळून, थंड करून वापरा किंवा एकदाच वापरायच्या घ्या.

एका दिवसात किती जनावरं होतात? माणसं किती लागतात?

खोडा असेल, जनावरं रांगेत आणली असतील, तर एक टोचणारा, एक धरणारा आणि एक लिहिणारा मिळून सकाळच्या वेळात १०० ते १२० मोठी जनावरं व्यवस्थित होतात. दावणीदावणीने घरोघर फिरलं तर त्याच्या निम्मी. वरच्या १,१०० जनावरांच्या गावाला तीन चमू लावले तर चार दिवस लागतात. पाचवा दिवस सुटलेल्यांसाठी आधीच राखून ठेवा. त्याची दवंडीही आधीच द्या, नाहीतर तो दिवस होतच नाही.

खोडा पाण्याच्या हाळाजवळ किंवा गावाबाहेरच्या झाडाखाली रोवा. वेगवेगळ्या गोठ्यांतली जनावरं तासन्तास एकत्र उभी करू नका. गल्लीनिहाय वेळ द्या. भागात साथ असेल तर खोड्यावर एकत्र आणणं बंद. तेव्हा घरोघरच जायचं, रोग नसलेल्या बाजूने सुरुवात करून आजारी गोठ्याकडे शेवटी.

मोठ्या जनावराच्या स्नायूत द्यायला १६ ते १८ गेजची सुई, शेळ्या-मेंढ्यांना १८ ते २० गेज. प्रत्येक जनावराला नवी सुई. लम्पीच्या लसीकरणात यावर अजिबात तडजोड नको, कारण एका आजारी गायीच्या सुईने रोग पुढच्या खुंट्यावर जातो.

लाळ्या खुरकूतची लस देऊनही रोग आला. मग लसीचा उपयोग काय?

या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक गावात वेगळं निघतं, म्हणून शोधाची रीत सांगतो.

आधी तारखा बघा. रोगाची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागतात. लस दिल्यावर चार-पाच दिवसांत लाळ गळू लागली तर ते जनावर बहुधा टोचायच्या आधीच बाधित होतं. मग वय बघा. वासराला चार महिन्यांनंतर पहिली मात्रा आणि चार आठवड्यांनी बूस्टर, म्हणजे दुसरी मात्रा, लागतो. बूस्टर न मिळालेलं वासरू नोंदीत ‘लसीकृत’ दिसतं, पण त्याची शक्ती महिना-दीड महिन्यात ओसरते. खूप लहान वयात टोचलं तर चिकातून मिळालेली आईची प्रतिद्रव्यंच लस निकामी करतात. त्यानंतर शीतसाखळीची वही. शेवटी टोचण्याची जागा: स्नायूतली लस केसांत किंवा चरबीत गेली, जनावराने झटका दिल्यावर अर्धी मात्रा सांडली आणि दुसऱ्यांदा कुणी दिली नाही, असं घाईत फार होतं.

आपल्याकडच्या लसीत विषाणूचे ओ, ए आणि आशिया-१ हे तिन्ही प्रकार असतात. तरीही नीट टोचलेल्या गोठ्यात रोग दिसला तर पशुवैद्यकाला नमुना घ्यायला सांगा. जिभेवरच्या ताज्या फोडाचा पापुद्रा लागतो. आठ दिवसांनी सुकलेल्या जखमेतून काही निघत नाही.

लस काम करते का हे मोजायचीही सोय आहे. लस देण्याच्या दिवशी आणि २८ दिवसांनी काही निवडक जनावरांचं रक्त तपासतात. विषाणूच्या असंरचनात्मक प्रथिनांविरुद्धची (ही प्रथिनं विषाणू अंगात वाढतानाच बनतात) प्रतिद्रव्यं सापडली तर जनावराला खरी लागण झाली होती असं समजतं, कारण शुद्ध केलेल्या लसीने ती सहसा तयार होत नाहीत.

कालवडींना ‘ब्रुसेल्ला’ची लस कधी? वळूलाही द्यायची का?

ब्रुसेल्ला म्हणजे गर्भपात घडवणारा जिवाणूजन्य रोग. त्याची लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना, म्हणजे कालवडी आणि वगारींना, आयुष्यात एकदाच. गाभण जनावराला दिली तर गर्भपात होऊ शकतो. नराला देत नाहीत. वय उलटून गेलेल्या कालवडीला ‘राहून गेली’ म्हणून देऊ नका. नंतरच्या रक्ततपासणीत ती आजारी आहे की लसीकृत, हे ओळखणं अवघड होतं.

ही एस-१९ नावाची जिवंत जिवाणूची लस आहे आणि ती माणसालाही बाधते. टोचणाऱ्याने हातमोजे, चश्मा, मास्क घालायलाच हवेत. सुई स्वतःला टोचली किंवा थेंब डोळ्यात उडाला, तर धुऊन लगेच दवाखान्यात जा आणि ‘ब्रुसेल्लाची जिवंत लस’ असं स्पष्ट सांगा. वासराला त्या दिवसांत प्रतिजैविकं चालू असतील तर लस पुढे ढकला, औषध लसीतला जिवाणूच मारून टाकतं.

पीपीआरची लस एकदाच पुरते ना? मग दरवर्षी का म्हणतात?

एका शेळीला एकदा १ मि.ली. कातडीखाली दिली की किमान तीन वर्षं भागतं. पण गावातला कळप तोच राहत नाही. शेळी दोन वर्षांत साधारण तीनदा विते, बोकड ईदला आणि जत्रेला जातात, नव्या पाटी (तरुण माद्या) येतात. तीन वर्षांनी पाहिलं तर लस मिळालेली शेळी शोधावी लागते. म्हणून एकदा पूर्ण कळप आणि नंतर दरवर्षी चार महिन्यांवरची नवी करडं-कोकरं, असा क्रम. विकत आणलेल्या शेळ्यांचा इतिहास माहीत नसेल तर त्या लस न मिळालेल्याच धरा.

लम्पीसाठी किती किलोमीटरवर लस द्यायची?

ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यातल्या त्या मोठ्या साथीची सुरुवात जळगाव जिल्ह्यातूनच झाली, त्यामुळे हा प्रश्न इथे सारखा येतो. बाधित गावापासून ५ किलोमीटरच्या परिघात कडं करून लसीकरण करतात. कड्याच्या बाहेरून आत यायचं, बाधित गोठ्यात शेवटी. ताप असलेल्या किंवा गाठी आलेल्या गायीला लस देत नाहीत.

आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस गायींना मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्याने ती चालते, मात्र गायीसाठीची मात्रा वेगळी असते. २०२२ मध्येच हिसार आणि इज्जतनगरच्या राष्ट्रीय संस्थांनी मिळून लम्पीची स्वतंत्र देशी लसही विकसित केली.

गोठ्यातल्या चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड तसेच राहिले तर लस दिलेल्या पंधरवड्यातही रोग घुसतो. शेणाचा उकिरडा लांब हलवणं, सांडपाणी वाहतं करणं, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर ही कामं लसीसोबतच चालू हवीत.

गाभण गाय, दुभती म्हैस यांना लस चालते? दूध कमी होतं म्हणे.

दोन-तीन दिवस थोडं कमी होतं, टोचल्या जागी गाठ येते, अंग गरम लागतं. नंतर सगळं पूर्ववत होतं. दूध नेहमीसारखं उकळून वापरा. गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत जनावर खोड्यात कोंबणं, पाडणं टाळा. गर्भाला धोका लसीपेक्षा या झटापटीचा जास्त असतो. अशा जनावराची नोंद करून विल्यानंतर बोलवा. जिवंत लसींच्या बाबतीत लेबलवर गाभण जनावराबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.

टोचल्यावर पहिला अर्धा तास जनावर नजरेसमोर ठेवा. धाप लागली, पापण्या-ओठ सुजले, थरथर सुटली तर तो तीव्र प्रतिसाद. त्यासाठी ॲड्रेनलिन चमूच्या पेटीत हवंच, आणि ते देता येणारा पशुवैद्यक हाकेच्या अंतरावर.

जंतनाशक लसीच्या दहा-पंधरा दिवस आधी द्या. पोटात जंत असलेल्या अशक्त जनावरात शक्ती कमी तयार होते.

बिल्ला मारल्याशिवाय लस देत नाहीत, कान फाटतो, काय करावं?

बारा अंकी बिल्ला आणि ‘भारत पशुधन’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरची नोंद यांशिवाय कुणाचा बूस्टर कधी, हे कळणारच नाही. कान फाटतो तो बिल्ला कडेला मारल्याने किंवा शिरेवर मारल्याने. कानाच्या मध्यावर, दोन शिरांच्या मधल्या जागेत मारा आणि जखमेवर माशी बसू नये म्हणून मलम लावा. पावसाळ्यात आसडी (जखमेतले किडे) पडू नये म्हणून बिल्ले शक्यतो कोरड्या दिवसांत मारावेत.

बाजारातून आणलेली बैलजोडी लगेच गोठ्यात बांधू का?

सावदा, वरखेडी अशा बाजारांतून आणलेलं जनावर किमान २१ दिवस वेगळं बांधा. वेगळी बादली, वेगळी गव्हाण. त्याचं काम शेवटी करा, त्याच हातांनी लगेच दूध काढायला जाऊ नका. लसीची खात्री नसेल तर पशुवैद्यकाला दाखवून, ताप नाही हे पाहून लस द्या. आणल्याच्या दिवशीच, प्रवासाने थकलेल्या जनावराला टोचू नका. बऱ्हाणपूर, सेंधवा किंवा गुजरातच्या बाजूने आलेल्या जनावरासोबत आरोग्य दाखला मागायला लाजू नका.

परसातल्या कोंबड्या दर उन्हाळ्यात मानमोडीने जातात. एक-एक धरून टोचणं जमत नाही.

मानमोडीची लासोटा लस पाण्यातून देता येते. कोंबड्यांना तास-दोन तास तहानलेलं ठेवा. क्लोरीन नसलेलं, विहिरीचं गार पाणी घ्या, त्यात लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळा, मग लस घाला. मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात ठेवा, धातूच्या नको. सगळं पाणी दोन तासांच्या आत प्यायलं जाईल इतकंच करा. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठ आठवड्यांच्या पुढे आर-टू-बी ही टोचून द्यायची लस. पाड्यावर एकाच घराने दिली तर फायदा नाही. शंभर मात्रांची बाटली वाटून घेऊन सगळ्या घरांनी एकाच सकाळी द्यावी.

नवापूरला बर्ड फ्लूची लस का देत नाहीत?

देशातला एच-५-एन-१ चा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात झाला आणि २०२१ मध्ये तो पुन्हा आला. या रोगासाठी आपल्या देशाचं धोरण लसीचं नसून पक्षी नष्ट करण्याचं आहे. लस दिलेल्या कोंबड्या मरत नाहीत, पण विषाणू बाहेर टाकत राहू शकतात, आणि माणसाला लागणाऱ्या रोगात असा लपलेला प्रसार परवडत नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे नेतो. शेंबा रोगाची लस कुठे मिळेल?

ग्लँडर्सची, म्हणजे शेंब्याची, लस नाही. रक्ततपासणी हाच मार्ग. दत्तजयंतीच्या बऱ्याच आधी नमुना द्या, अहवाल यायला वेळ लागतो. धनुर्वाताची लस मात्र घोड्याला नियमित हवीच.

साथीचा संशय आला तर आधी कुणाला सांगायचं?

जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आणि ग्रामपंचायत, दोघांनाही, त्याच दिवशी. १९६२ हा टोल फ्री क्रमांकही आहे. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अधिसूचित रोगाची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. एकाएकी मेलेल्या, नाका-गुदद्वारातून न गोठणारं काळं रक्त येणाऱ्या जनावराचं शव फाडू नका, कातडंही काढू नका. ती फाशी असू शकते.

उरलेली लस आणि सुया?

फोडलेली बाटली घरी नेऊ नका. उरलेली लस आणि रिकाम्या बाटल्या दवाखान्यात परत द्या, तिथे निर्जंतुक करून विल्हेवाट लावतात. सुया टोपण न लावता थेट जाड डब्यात टाका, कारण टोपण परत बसवतानाच बोटाला टोचते. न फोडलेल्या बाटल्या पेटीत किती अंशांवर होत्या ते वहीत बघा आणि ८ च्या वर गेल्या असतील तर पुन्हा फ्रीजमध्ये ठेवण्याआधी पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा.